सुट्टीतली रजा

लोकांना वाटतं, शिक्षकांना उन्हाळ्यात दीड महिना लोळायला मिळतं. विज्ञानाच्या बाईंना असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. सुट्टी लागल्यापासून त्यांनी दोनशे चौदा बाकं मोजली होती, नववीचे निकाल दोनदा भरले होते आणि प्रयोगशाळेतल्या फुटक्या काचनळ्यांची यादी तीन प्रतींत लिहिली होती. घरी भावाचं एकच पालुपद, "ताई, तुला काय, सुट्टीच आहे." म्हणून आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीखही त्याने सुट्टीतलीच घेतली आणि हात झटकून मोकळा झाला.

नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी निघाली. बाई हेडसरांकडे गेल्या.

"सर, गुरुवारी मला रजा हवी."

"सुट्टीत रजा कशी देऊ? रजा कामाच्या दिवसाची असते."

"मग मी येत नाही."

"असं कसं? हजेरी लागणार आहे."

"शाळा चालू असताना मागितली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, सुट्टीत उरका!"

हेडसर सावकाश चष्मा पुसत राहिले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कसली आलीय घाई! "साहेब साडेनऊला येतील. सही करा आणि जा. दहा मिनिटांचं काम."

ऑपरेशन अकराला होतं. आईला दवाखान्यात बसवून बाई शाळेकडे धावल्या. साहेब उगवले साडेबाराला. चहा प्यायले, पंख्याखाली बसले, प्रयोगशाळेत डोकावलेसुद्धा नाहीत. बाईंना हेडसरांचा इतका संताप आला, की सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

दवाखान्यात आई डोळे मिटून तशीच बसली होती. सिस्टर फणकारली, "दोनदा नाव पुकारलं. सही करायला घरचं माणूस नको? नंबर पुढच्याला दिला. आता दोन महिन्यांनी या."

बाईंनी भावाला फोन लावला.

"अगं, पण तुला सुट्टी होती ना?" तो म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला.

आईने चाचपडत त्यांचा हात धरला. "दोन महिन्यांनी तुझी शाळा असेल गं."

"असू दे. मी इथे असेन. हेडसरांना म्हणावं, माझी गैरहजेरी लाल शाईने मांडा, खुशाल."