चांगुणा, वाट दे

आमच्या पादचारी पुलाचा इतिहास मी मनाने रचला आणि रविवारच्या वॉकिंग ग्रुपला खरा म्हणून सांगितला. चूक माझीच.

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अमावास्येला मुद्दाम नवी गाडी आणणारा माणूस मी... तिसऱ्या दिवशी ती ठोकली, पण त्याचं श्रेय निव्वळ माझ्या ड्रायव्हिंगला.

बदलापूरला उल्हास नदीवर फक्त चालणाऱ्यांसाठी एक अरुंद पूल आहे. इथल्या प्रत्येक बिल्डरच्या ब्रोशरवर त्याचाच फोटो. पलीकडे डोंगराखालची वाडी. माझी बायको शुभदा तिथल्या शाळेत शिकवते, रोज या पुलावरूनच जायची.

ग्रुपला पुलाची माहिती द्यायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. माहिती शून्य. लोक मोबाईल काढायला लागले, तेव्हा दिलं ठोकून — पूल बांधताना चांगुणा नावाची मजूर बाई नदीत पडून गेली, म्हणून पुलावर पाय ठेवताना म्हणायचं, "चांगुणा, वाट दे!" मोबाईल परत खिशात गेले. पुढच्या रविवारपासून सगळे म्हणायला लागले. दोन महिन्यांत आमचं अख्खं कॉम्प्लेक्स, शुभदासुद्धा. मी मनातल्या मनात कॉलर ताठ करून फिरत होतो.

जानेवारीतली सकाळ, साडेसातचा सुमार. शुभदा डबा विसरली म्हणून मी मागोमाग धावलो. ती पुलाच्या मधोमध उभी होती, पाठ कठड्याला टेकवून.

"अहो, तिथेच थांबा... ही बाई आडवी बसलीय."

"कुठली बाई?"

"ही काय! घमेलं घेऊन. वाटच देत नाहीये."

पूल रिकामा होता. स्वच्छ दिसत होतं मला, पार वाडीपर्यंत. फक्त ओल्या सिमेंटचा वास येत होता, आत्ताच स्लॅब टाकल्यासारखा.

"मग म्हण की, चांगुणा वाट दे," मी आपलं हसण्यावारी नेलं.

"तीनदा म्हटलं! दर वेळी ती जवळ सरकतेय."

कठडा जेमतेम कमरेएवढा. शुभदा मागे वाकत चालली होती. खांद्यावरची पर्स सुटून खाली नदीत पडली.

"अगं, थाप आहे ती! मीच मारली!"

"मग तिला सांगा ना!"

मी धावलो, तर दोन पावलांवर पायच उचलेना. भीतीने असेल... असेलही. डबा छातीशी धरून मी नुसता उभा.

तेवढ्यात वाडीकडून ताराबाई आली. ती वालाच्या शेंगा विकायला रोज बाजारात येते. तिने पाटी खाली ठेवली आणि शुभदाच्या पुढ्यातल्या रिकाम्या जागेला हात जोडले.

"बाय, जाव दे गं. मास्तरीन आपलीच हाय."

शुभदा मटकन खाली बसली. सिमेंटचा वास गेला.

"चांगुना कोनी सांगला तुमाला?" ताराबाईने मला विचारलं.

"कोणी नाही. मी... असंच."

"चांगुना तिची सवत. सवतीच्या नावानं हाक मारली त जित्ती बाय तरी वाट देल का?"

"मग हिचं नाव काय?"

"आमी नाय घेत. नुसता बाय म्हंतो."

पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली. माझ्या नात्यात, शेजारात, शाळेत कुठे चांगुणा नाही. तेच नाव माझ्या तोंडी का यावं? अजून कळलेलं नाही. शुभदा आता मोठ्या पुलावरून रिक्षाने वळसा घालून जाते.

त्या रविवारी मी पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिलो. ग्रुपला सगळं खरं सांगितलं — आधीची थाप होती, हे खरं आहे, ते नाव घेऊ नका, पाया पडतो. सगळे मन लावून ऐकत होते. मग आनंदनगरच्या कंपनीतून रिटायर झालेले सावंतकाका पुढे आले आणि त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं.

"चल, सरक. आधीची थाप बरी होती तुझी, ही काय जमली नाही."