पेट्यांसकट बांधलेलं खेचर

भातकुलीकडच्या आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली माझं भाषण ठरलेलं असे. फौजेत खेचरं हाकली, एकाहत्तरच्या लढाईत होतो, एवढ्या भांडवलावर मी आयुष्यभर फुशारक्या मारल्या. गोष्ट एकच. डोंगरावर दारूगोळा नेताना माझं खेचर तोफेच्या गोळ्याने पडलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी रडलो. बाया डोळे पुसत. पुढारी टाळ्या वाजवत. त्यांना खेचर आणि गाढव यांतला फरक कळत नसे, टाळी कुठे वाजवायची ते मात्र बरोबर कळे.

ती गोष्ट खोटी आहे.

त्या खेचराला नाव नव्हतं, खुरावर डागलेला नंबर होता. मारा सुरू झाला की आधी पोटाखालचा तंगाचा पट्टा सोडायचा, पेट्या खाली पाडायच्या, जनावर मोकळं करायचं आणि मग आपण आडोसा गाठायचा, असं आम्हाला घोटून शिकवलेलं. मी त्यातलं फक्त शेवटचं केलं. खेचर खडकाला बांधलेलं, पाठीवर पेट्या, आणि मी पळालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदारासोबत वर गेलो. ते उभंच होतं. अंगावर गोळ्याची एक जखम नाही. दोर पुरेल तेवढ्या गोलात बर्फ तुडवून चिखल केलेला. पाठ ओझ्याखाली सोललेली, पुढचे पाय थंडीने गेलेले. मला पाहून त्याने कान टवकारले. हवालदाराने गोळी घातली. मी तोंड फिरवलं. खाली आल्यावर "गोळा पडला" असं मीच सांगितलं. हवालदार माझ्याकडे पाहून थुंकला.

पुढे आमच्या वऱ्हाडात रोज कुण्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी येऊ लागली, त्या वर्षांतली गोष्ट. आमचा खारपाणपट्टा, विहिरीच्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही. त्या साली कडबाही संपला. माझ्या शेजाऱ्याने, बालपणच्या सोबत्याने, बैलजोडी अकोल्याकडच्या बाजारात विकली. पोळ्याला मी माईकवरून म्हणालो, "काही लोक मुक्या जनावराले बजार दाखवतात. आमी फौजी जनावरासाठी जीव देतो."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मागून एक जण ओरडला, "पुढच्या पोयाले नुसतं दावं सजवून आनजो बे!" लोक खदखदा हसले. मीही हसलो. तो उठून गेला. त्यानंतर तो कधी तोरणाखाली आला नाही.

गेल्या श्रावणात मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ओसरीच्या खुंटीवर दोन दावी होती. जनावर विकलं तरी आपलं दावं माणूस परत आणतो.

"मले काहून सांगून राहिला?" तो म्हणाला.

"तुया जिवाले लागलं असन म्हनून."

"असन? ईस वर्सं झाली, लेका! म्या माह्या हातानं त्याहिच्या गयातलं दावं सोडलं. तुले तेवढंही जमलं नाई. माईकवर बोलला होता ना? माईकवरच सांग."

पोळ्याला सांगितलं. पळालो, बांधून पळालो, सोबत्याला उगाच हिणवलं, सगळं. सरपंचाने माईक ओढून घेतला. "पाहा, केवढा विनय! खरा सैनिक आपलं मोठेपण असं झाकतो!" टाळ्या. गळ्यात हार. समोर बेगड लावलेले चार ट्रॅक्टर आणि दोन बैल. गर्दीच्या कडेला तो उभा होता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच आलेला. हार पाहिला आणि मागे वळला.

सकाळी त्याच्या दारात गेलो.

"त्याहिनं मानलंच नाई," मी म्हणालो.

"मंग लिहून दे. कागदाले हार घालता येत नाई."

म्हणून हे लिहिलं. त्याने बैल विकले, पण आधी मोकळे केले. मी खेचर बांधून मारलं आणि त्यावर पन्नास वर्षं सत्काराचे नारळ खाल्ले. हसायचंच असेल, तर गावाने आता माझ्या दाराकडे तोंड करून हसावं.