हलणारा कोपरा

फोटो काढून पोट भरणाऱ्याच्या दोन गोष्टी शाबूत असाव्या लागतात, डोळा आणि हात. डोळ्याला चष्मा मिळतो. हाताचं काय करायचं, हा प्रश्न मला त्या हिवाळ्यात सतत खात होता.

निमित्त झालं एका लग्नाचं. हिंदी मुलखातल्या आमच्या लश्कर भागात, मराठी लग्नांत फोटोग्राफरला जागा म्हणून मिळत नाही. अंतरपाट धरला रे धरला की साऱ्या मावश्या आणि माम्या अक्षता घेऊन पुढे सरकतात, आणि ज्याला खास बोलावून घेतलं तो मागे खुर्चीवर चढून मान लांब करत बसतो. म्हणून लांबचं जवळ आणणारी लेन्स लागते. माझ्याकडची जुनी होती. मॅरेज गार्डनच्या पिवळट उजेडात शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात हात हलला की चित्र पुसलं जातं. त्या लग्नात नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं तो एकच क्षण मला मिळाला होता, आणि तोच पुसला गेला. घरी येऊन मी फोटो मोठा करून पाहिला. बाईंचा चेहरा दोनदा छापल्यासारखा दिसत होता.

दुसरा कुणी असता तर लेन्सला शिव्या देऊन मोकळा झाला असता. आमच्या धंद्यात तशी रीतच आहे, नाचता येईना अंगण वाकडं. मी मात्र आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो.

कारण बाबांचा हात हलायचा. बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, आणि त्यांची रेघ अशी असायची की पट्टी लाजावी. मग कधीतरी त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट नुसतं बसल्या बसल्या एकमेकांवर घासू लागलं. आई थट्टेने म्हणायची, कापूस आणून देऊ का, वाती तरी वळून होतील. पेन्सिल हातात घेतली की ते थांबायचं, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे पेन्सिल धरूनही थांबेना. त्यानंतरची वर्षं मला लिहायची नाहीत. शेवटी चहा आम्ही चमच्याने पाजत होतो.

बाबा गेले, आई गेली, पण घरात एक सवय राहून गेली. आम्ही भावंडं आपापल्या हातांवर पाळत ठेवून असतो. कप पटकन खाली ठेवतो. सही करताना कागद दाबून धरतो. याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढत नाही.

तर मी इंदरगंजच्या चौकातल्या दुकानात गेलो. पहिल्या मजल्यावर ते दुकान आहे, आणि मालक माझ्या ओळखीचा, बोलण्यात कोणाला हार जाणार नाही असा. त्याने काचेवर दोन लेन्स मांडल्या. एक शंभर-चारशे, लांब पल्ल्याची, पण उजेड कमी घेणारी. दुसरी सत्तर-दोनशे, जाडजूड, तोंड मोठं, अंधारातही कामाला येणारी. दोघींत स्टॅबिलायझर, म्हणजे हात हलला तरी आतली काच उलट्या बाजूला सरकून चित्र जागेवर ठेवणारं यंत्र. शंभर-चारशे चिमण्यांसाठी आणि सत्तर-दोनशे वरातीसाठी, असं त्याने मला बजावलं. मला चिमण्यांशी कर्तव्य नव्हतं.

मी जड लेन्स कॅमेऱ्याला लावून खिडकीशी उभा राहिलो. स्टॅबिलायझर बंद होता. चौकापलीकडच्या पाटीवरची अक्षरं जवळ आली आणि नाचू लागली. मी पकड आणखी घट्ट केली. मालक मागून म्हणाला, "अब बटन ऑन कीजिए और आधा दबाइए. हाथ छोड़ दीजिए भाईसाहब, बाकी काम इसका."

मी बटण अर्धं दाबलं. लेन्सच्या पोटात बारीक गुणगुण सुरू झाली, बंद डब्यात माशी अडकल्यासारखी, आणि चित्र थांबलं. खाली टमटम धावत होत्या, माणसं रस्ता ओलांडत होती, पण चौकट मात्र कुणी खिळे ठोकल्यासारखी जागच्या जागी. मागून येऊन कोणीतरी माझ्या हाताखाली हात धरलाय असं इतकं स्पष्ट वाटलं की मी वळून पाहिलं. मालक तर लांब काउंटरवर पावती फाडत होता. बोट उचललं तशी गुणगुण संपली आणि सगळं शहर किंचित खाली घसरलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग मी मालकाला कॅमेरा दिला आणि स्टॅबिलायझर बंद ठेवून फोटो काढायला लावला. त्याचाही हलला, माझ्यापेक्षा जास्तच. पुन्हा मी काढले. त्या पल्ल्यावर कोणाचेही हलतील तितकेच माझे हलत होते. जीव भांड्यात पडला. मी वाचलो होतो. इतका आनंद झाला की भाव न करता सत्तर-दोनशे उचलली.

ओळखीच्या गिऱ्हाइकाला मालक पीस घरी नेऊन पारखू देतो. पारखायची आमची पद्धत ठरलेली आहे. एका माणसाला स्थिर बसवायचं, शटर मुद्दाम सावकाश ठेवायचं, नजर डोळ्यांवर धरायची आणि नंतर कॉम्प्युटरवर चारही कोपरे तपासायचे. कोपरा मऊ, म्हणजे धुरकट, निघाला तर पीस परत. बायकोने थंडीत बागेत पुतळा होऊन बसायला साफ नकार दिला. ताई म्हणाली, "मी येते."

मला नवल वाटलं. ताई माझ्यापेक्षा मोठी, दातांची डॉक्टर, मागच्याच गल्लीत तिचं घर आणि खाली दवाखाना. फोटो काढून घ्यायचा म्हटलं की ती अलीकडे स्वयंपाकघरात पळायची. पण दुपारी ती खरंच तयार होऊन आली.

फूलबागेत त्या दिवशी दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. झाडं अर्धीच दिसत होती आणि बागेत आमच्याशिवाय माणूस नव्हता. ताई बाकाच्या एका टोकाला बसली, हात शालीत घेऊन. मी आपला हुकूम सोडणारा माणूस. हात मोकळा सोड, बाकाच्या दांडीवर ठेव, कोपऱ्यात काहीतरी दिसायला हवं, असं मी तिला दरडावलं. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि तिने उजवा हात काढून दांडीवर ठेवला. मी दूर जाऊन बटण अर्धं दाबलं. गुणगुण सुरू झाली. धुकं, बाक, ताई, सगळं थिजलं. ती पापणीही हलवत नव्हती. इतकी शांत बसलेली ताई मी पाहिलेली नव्हती, आणि का कोण जाणे, मला तिथून लवकर निघावंसं वाटलं.

घरी कॉम्प्युटरवर पाहिलं तर चित्र जबरदस्त. केसन् केस मोजून घ्यावा. शालीचं सूत, बाकाच्या लोखंडावरचे दवाचे थेंब, सगळं कोरल्यासारखं. फक्त खालचा डावा कोपरा धुरकट. मी चरफडलो. काच वाकडी बसली की असा एकच कोपरा मऊ येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी हजर. मालकाने फोटो पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि कुरकुरत त्याच लेन्सचा दुसरा पीस काढून दिला.

ताई पुन्हा यायला तयार झाली. या वेळी तिला बोलवावंही लागलं नाही. धुकं कालच्यासारखंच होतं. तोच बाक, तीच जागा, तीच दांडी. मी फोटो काढला आणि घरी जाईपर्यंत दम निघेना म्हणून तिथेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला.

खालचा डावा कोपरा धुरकट होता.

दोन वेगळ्या लेन्स आणि डाग एकच. मी काच पुसली, कॅमेरा बंद करून चालू केला, पुन्हा काढला. धूर होताच, फक्त आकार किंचित बदललेला. मग मी ताईला म्हटलं की बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बस. ती काही न विचारता सरकली. उजवा हात आता दांडीवर नाही, शेजारी रिकाम्या बाकावर टेकलेला. मी फोटो काढून पाहिला. कोपरा स्वच्छ होता, तिथल्या दांडीवरचा गंजही दिसत होता. धूर चित्राच्या मधोमध आला होता.

धूर जागा बदलून तिच्याबरोबर सरकला होता. दोन दिवस मी कोपरा कसा आहे तेच तपासत होतो. कोपऱ्यात काय आहे, ते मी पाहिलंच नव्हतं.

मी पुन्हा बटण अर्धं दाबलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा हात मोठा केला आणि धरून ठेवलं. गुणगुण चालू होती. शालीचा काठ निश्चल, बाक निश्चल, धुकंसुद्धा. त्या सगळ्या थांबलेल्यात तिचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हलकेच घासत होतं, सारखं, न थांबता. वाती वळल्यासारखं.

मी कॅमेरा खाली घेतला. इतक्या लांबून नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नव्हतं, एक बाई बाकावर बसली होती एवढंच. मी जवळ गेलो.

"दिसलं?" तिने विचारलं.

मी मान हलवली. मनात काय आलं तेही सांगतो. आधी वाटलं, मी नाही, ती. आणि त्या विचाराची मला लगेच किळस आली.

"कुणाला दाखवलंस का?"

"तुला दाखवलं ना," ती म्हणाली. "नुसतं विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, काही नाही गं ताई, वहम आहे तुझ्या मनाचा. म्हणून फोटो काढवला."

मग ती बोलत राहिली, दवाखान्यात पेशंटला समजावून सांगते त्या आवाजात. हत्यार हातात घेतलं की बोटं थांबतात, बाबांसारखीच. त्या भरवशावर ती दिवस काढत होती. गेल्या हफ्त्यात मात्र सुई हातात असताना बोटं थांबली नाहीत. पेशंटचे डोळे मिटलेले होते, त्याला कळलं नाही. तिने सुई बाजूला ठेवली, पाणी प्यायली आणि मग काम केलं. त्या दिवसानंतर तिला झोप नव्हती.

तिने कॅमेरा मागितला. मी फोटो दाखवला. एक्स-रे उजेडाकडे धरून बघावा तसा तिने तो खूप वेळ पाहिला, स्वतःच मोठा करून.

"हे मशीन तुझा हात धरतं ना," ती म्हणाली. "समोरच्याचा नाही धरत?"

नाही म्हणालो. ते फक्त कॅमेऱ्यामागच्याला धरतं. मग मलाच राहवेना. शटर जलद केलं तर कोणताही हात थांबलेला येतो, एक क्लिक आणि तिला स्वच्छ, शांत बोटांचा फोटो देता आला असता. मी तसं म्हटलंही, दुसरा काढतो, हा सावकाश शटरचा दोष आहे, यात सगळ्यांचंच असं येतं. तिने मला बोलू दिलं. धाकटा भाऊ खोटं बोलताना जसा दिसत आलाय तसाच दिसत असणार मी.

"उद्या सकाळी एक छोटी मुलगी यायची आहे," ती म्हणाली. "दाढ काढायची आहे. तुझी मुलगी असती तर पाठवली असती तू माझ्याकडे?"

बागेत कुठेतरी पानांवरून दव टपटपत होतं. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं. हो म्हटलं असतं तर ती उद्या दवाखाना उघडणार होती, हे तिच्या बसण्यातच दिसत होतं. आयुष्यभर तिने मला काही विचारलं नव्हतं, मीच तिला विचारत आलो होतो, शाळा, नोकरी, लग्न, सगळं.

"नसती पाठवली," मी म्हणालो.

ताईने मान डोलावली. डाव्या हाताने पर्समधून फोन काढून तिने दवाखान्यातल्या मुलीला लावला. उद्याच्या बच्चीच्या घरी कळव आणि त्यांना दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दे, असं ती हिंदीत अगदी रोजच्या सुरात सांगत होती. परवाच्या लोकांनाही तसंच कळवायला सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईने उजवा हात पुन्हा शालीत घेतला.

"नहीं," ती म्हणाली, "आगे की तारीख किसी को मत देना."