तिसऱ्या नावावरचं टिंब

राजधानीच्या हान्यांग शहरात मोठ्या हुद्द्यावर कोण बसणार, हे राजाच्या कुंचल्याच्या एका टिंबानं ठरायचं. नेमणूक खात्यानं तीन नावं लिहून आत पाठवायची, राजानं त्यांतल्या एकावर टिंब द्यायचं, कागद बाहेर आला की कारकुनानं देवडीवर उभं राहून नाव पुकारायचं. नाव कानावर पडलं की चाडोल धावत सुटायचा.

चाडोल राजवाड्याचा बातमीदार शिपाई होता. बापही तेच काम करायचा. बाप सांगायचा, “पहिला पोचतो त्याचं तोंड लोक जन्मभर लक्षात ठेवतात. दुसरा नुसता घाम गाळतो.” पोराच्या मनावर ते कोरलं गेलं होतं. ज्याच्या घरी नेमणुकीची पहिली बातमी जायची, ते घर शिपायाला ओसरीवर बसवून तांदळाची दारू पाजायचं, मांस वाढायचं, कधी अंगरख्याला कापड द्यायचं. पण चाडोलला कापडापेक्षा त्या ओसरीचं अप्रूप जास्त. एरवी ज्या दारात त्याला कुणी उभं केलं नसतं, तिथं घरधनी स्वतः बाहेर येऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. घटकाभर का होईना, अख्ख्या घराचा जीव चाडोलच्या जिभेवर असायचा.

चाळिशी उलटली आणि त्याच्या डाव्या गुडघ्यानं दगा द्यायला सुरुवात केली. त्या वसंतात पेगमान नावाच्या तरण्या शिपायानं त्याला लागोपाठ मागे टाकलं. पेगमान वाईट माणूस नव्हता, पण तोंडाचा फाटका. देवडीवर सगळ्यांसमोर म्हणायचा, “चाडोलमामा, तुम्ही आता लग्नाच्या बातम्या पोचवा. नाहीतरी वरात तुमच्याच चालीनं जाते.” सगळे हसायचे, चाडोलही हसायचा. घरी येऊन मात्र तो गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावून गप्प बसून राहायचा.

“अहो, मेलं कोण पुढं पळतंय तर पळू द्या,” बायको म्हणायची. “पगार तर तोच मिळतो ना?”

“तुला नाही कळायचं, कोप्दानच्या आई,” तो म्हणायचा.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर, मुळे मिठात खारवायच्या दिवसांत महानिरीक्षकाची जागा रिकामी झाली. महानिरीक्षक म्हणजे सगळ्या अधिकाऱ्यांचे कान उपटणारा, वेळ आली तर राजालाही तोंडावर दोन शब्द सुनावणारा माणूस. असा हुद्दा कुणाला द्यावा याची चर्चा साऱ्या गावात होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव होतं: मोक सी-युन. हे मोक पूर्वी दरबारात होते. दुष्काळी धान्याच्या वाटपावरून ते भर दरबारात स्पष्ट बोलले आणि त्यांना घरी बसवलं गेलं. तेव्हापासून दक्षिणेच्या डोंगराच्या पायथ्याशी, गवताच्या छपराच्या घरात ते पुस्तकं वाचत बसलेले होते. आता तीन नावांत त्यांचं नाव पहिलं होतं. आणि राजा पहिल्या नावावर टिंब देतो हे हान्यांगमधलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं.

त्या दिवशी दुपारपासून शिपाई देवडीबाहेर उकिडवे बसले होते. उन्हं कलायला लागली तेव्हा आतला पहारेकरी दाराच्या फटीतून डोकावला. तो चाडोलचा जुना पिण्यातला दोस्त. पेगमानचं लक्ष नाही असं बघून तो हळूच म्हणाला, “पडलं टिंब. कागद निघालाय.”

एवढंच. नाव त्यानं सांगितलं नाही, चाडोलनंही विचारलं नाही. कारकून अजून अंगणातच होता. पेगमान भिंतीला टेकून चपलेची गवती दोरी आवळत होता. चाडोल लघवीला जातो म्हणून उठला, कोपऱ्यावर वळला आणि धावत सुटला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी त्याची गत झाली. फक्त लग्न दुसऱ्याचं होतं.

मोकांच्या अंगणात बाईसाहेब आणि ओवोल नावाची म्हातारी दासी मुळ्यांना मीठ चोळत बसल्या होत्या. कोपरापर्यंत हात मिठात. चाडोल दारातूनच ओरडला, “सरकारांना महानिरीक्षकाची नेमणूक! महाराजांनी टिंब दिलं!”

बाईसाहेबांच्या हातातला मुळा घरंगळत त्याच्या पायाशी आला. ओवोलनं तिथंच मातीत फतकल मारली आणि घागऱ्याच्या कडेनं तोंड झाकून ती रडायला लागली. तोवर शेजारपाजारचे गोळा झाले.

मोक आतून आले. बारीक चणीचे, पांढऱ्या विरळ दाढीचे. त्यांनी चाडोलकडे नीट बघून विचारलं, “तू स्वतः ऐकलंस?”

त्या क्षणी चाडोल सावरू शकला असता. पण सगळं अंगण त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

“या कानांनी ऐकलं, सरकार,” तो म्हणाला. एवढ्यावरही तो थांबला नाही. “आतले लोक सांगत होते, महाराजांनी कुंचला उचलला तो सरळ आपल्या नावावर टेकवला. बाकी दोन नावांकडे पाहिलंसुद्धा नाही.”

मोक आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगावर दरबारी अंगरखा होता, डोक्यावर काळी टोपी. अंगरख्याच्या घड्या इतक्या जुन्या की उलगडूनही त्यांच्या रेषा दिसत होत्या, आणि छातीवरच्या नक्षीला कसरीनं एका कडेला खाल्लेलं होतं. अंगणात चटई अंथरली गेली. म्हाताऱ्यानं राजवाड्याच्या दिशेला तोंड करून, गुडघ्यांवर हात टेकत टेकत, चार वेळा दंडवत घातलं. शेवटच्या वेळी उठताना ते अडखळले तेव्हा बाईसाहेब पुढे झाल्या, पण लोकांसमोर हात लावला नाही. शेजारी नमस्कार करू लागले. ओवोलनं घरातली एकुलती एक कोंबडी मारून चुलीवर चढवली होती. चाडोलला ओसरीवर बसवलं, हातात दारूचा वाडगा दिला. गुडघा ठणकत होता, तरी इतका आनंद त्याला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात गल्लीतून धापा टाकत पेगमान चालला होता, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. गर्दी बघून तो थांबला.

“चाडोलमामा? तुम्ही इथं काय करताय?” आणि मग अंगरख्यातल्या म्हाताऱ्याकडे, चटईकडे त्याची नजर गेली. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मामा, टिंब तिसऱ्या नावावर पडलंय. ग्वाक साहेबांच्या. मी तिकडेच निघालोय.”

त्यानं हळू आवाजात सांगितलं, तरी ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं. शेजारी एकेक करून काढता पाय घेऊ लागले, जाताना जमिनीकडे बघत. नमस्कार केलेले हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. वाडगा खाली ठेवावा की हातात धरावा, हे चाडोलला समजेना.

मोकांनी टोपी काढली. दोन्ही हातांनी, सावकाश. ती बायकोच्या हातात दिली आणि ओवोलला म्हणाले, “त्याला जेवायला वाढ.”

“सरकार, मी...” चाडोल ओसरीवरून खाली उतरून मातीत डोकं टेकायला लागला.

“ऊठ. वर बस. धावत आलायस, भूक लागली असेल. कोंबडी आता जिवंत व्हायची नाही.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चाडोलला बरं वाटलं असतं. ओवोलनं वाडगा त्याच्यापुढे आदळला. मोक समोर बसून राहिले, पाहुणा जेवत असताना घरधन्यानं बसावं तसे. बाईसाहेब अंगणात परत मुळ्यांना मीठ चोळायला बसल्या होत्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती. चाडोलनं ती कोंबडी खाल्ली. हाडं चोखली नाहीत, तेवढंच.

पुढं जे झालं ते त्याहून वाईट. न मिळालेल्या हुद्द्याचे दरबारी कपडे घालून राजाला आभाराचं दंडवत घालणं ही साधी गोष्ट नव्हती. कुणीतरी वर कळवलं. चौकशीचा माणूस मोकांच्या दारात आला: बातमी कुणी आणली? मोक म्हणाले, “कुणी नाही. म्हातारपणी कान गेलेत. गल्लीतून कुणी काही ओरडत गेलं, मला माझं नाव वाटलं. हाव माणसाला असंच ऐकवते.”

शेजाऱ्यांनी शिपायाचं सांगितलं तेव्हा शिपायांच्या मुकादमानं चाडोलला बोलावलं. “तू होतास ना तिथं? काय सांगितलंस त्यांना?”

“मी पाणी प्यायला थांबलो होतो,” चाडोल म्हणाला.

मुकादमानं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि “जा” म्हणाला.

मोकांचं नाव नेमणुकीच्या यादीतून कायमचं काढून टाकलं गेलं. गावाला हसायला विषय मिळाला. बाजारात त्यांना ‘दुपारचे महानिरीक्षक’ म्हणू लागले. मासळीवाल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, “अगं, घाई करू नको, आधी टोपी तरी घाल.” चाडोलच्या कानावर हे पडलं की तो चालता चालता दुसऱ्या गल्लीत वळायचा. डोंगराच्या पायथ्याकडची बातमी असली की पेगमानला पुढे जाऊ द्यायचा. पेगमाननं त्याची थट्टा सोडून दिली होती. ती गप्पगप्प वागणूक चाडोलला जास्त झोंबायची.

बायकोला सगळं उमगलं ते बाजारातूनच. घरी येऊन तिनं भाजीची टोपली खाली ठेवली. “त्या म्हाताऱ्यानं तुमचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं,” ती म्हणाली, “आणि तुम्ही पाणी पीत होता?”

चाडोलनं गुडघ्यावरची मिठाची पुरचुंडी काढून बाजूला ठेवली.

“आपल्या घरात तुम्ही जेवता तेव्हा मला तुमच्याकडे बघवत नाही. खोटं नाही सांगत.”

हिवाळा त्यानं कसाबसा काढला. बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका सकाळी तो मुकादमापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला: पहारेकऱ्याचा शब्द, न ऐकलेलं नाव, कुंचल्याची बनवलेली गोष्ट, पाणी. पहारेकऱ्याचं नाव तेवढं त्यानं सांगितलं नाही. मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, “गाढवा, मिटलेलं प्रकरण उकरून काढायला तुला कुणी सांगितलं होतं?” चाडोलला फटके बसले, कामावरून काढलं. पालथा पडून मार खाताना त्याला वाटत होतं की आता तरी छातीवरचा दगड उतरेल.

तसं झालं नाही. चाडोल खरं बोलला म्हणजे मोक खोटं बोलले होते. राजाच्या चौकशीत खोटी साक्ष देणं हा दंडवतापेक्षा मोठा गुन्हा. म्हातारपण बघून शिक्षा सौम्य झाली: मोक सी-युननं शहर सोडून नदीवरच्या आपल्या गावी राहावं, परत येऊ नये.

जखमा भरायच्या आतच चाडोल लंगडत त्यांच्या घरी गेला. मोक पुस्तकं बांधत होते. त्यांनी त्याला ओळखलं.

“एक खोटं मी आयुष्यात बोललो,” ते म्हणाले, “आणि तेही तू टिकू दिलं नाहीस.” मग दोरीची गाठ मारता मारता म्हणाले, “खरं बोलायचं होतं तर मी विचारलं तेव्हा बोलायचंस. त्या दुपारी. पुढचं सगळं उशिराचं.”

“सरकार, मी काय करू?”

“मला विचारू नकोस. मला सुचलं असतं तर मी स्वतःचंच काही केलं असतं.”

हमाल मिळत नव्हते. बदनाम माणसाचं सामान उचलायला कुणी राजी नव्हतं. चाडोल पाठीवर ओझं वाहायची लाकडी घोडी घेऊन दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. बाईसाहेबांनी त्याला नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. ओवोलनं पुस्तकांचे गठ्ठे त्याच्या घोडीवर चढवले, जड जड निवडून. नदीच्या धक्क्यापर्यंतच्या वाटेत त्याच्याशी कुणी बोललं नाही. पाठीवरच्या कच्च्या जखमांवर घोडीची लाकडं घासत होती.

धक्क्यावर नाव यायची होती. मोक दगडावर टेकले आणि अचानक म्हणाले, “सध्या महानिरीक्षक कोण आहे?”

“ग्वाक साहेबांना दोन महिन्यांतच काढलं, सरकार. मग एक हान साहेब आले. तेही गेले. आता कोण, मला माहीत नाही. मी तिथं नसतो आता.”

मोक हसले. पहिल्यांदाच. “दोन महिने,” ते बायकोला म्हणाले. “ऐकलंस? आणि एवढ्यासाठी आपण कोंबडी मारली.” बाईसाहेबही ओठांच्या कडेनं हसल्या. त्या दोघांचं ते हसू होतं. त्यात चाडोलला जागा नव्हती, आणि तो घुसलाही नाही. हातात दोरी धरून तो नदीकडे बघत उभा राहिला.

नाव आली, सामान चढलं, माणसं चढली. नावाड्यानं काठी टेकून नाव ढकलली तेव्हा चाडोलला दिसलं की ओवोलचं गाठोडं काठावरच राहिलंय. तो ते घेऊन पाण्यात शिरला. बर्फाचं पाणी कमरेपर्यंत आलं, जखमा पेटल्यासारख्या झाल्या. त्यानं हात उंचावून गाठोडं धरलं. ओवोलनं वाकून ते घेतलं, आत काय काय आहे ते चाचपून पाहिलं, आणि त्याच्याकडे न बघता मांडीवर ठेवून घेतलं.

चाडोल पाण्याबाहेर आला. पुढं तो त्याच धक्क्यावर मिठाची पोती वाहू लागला आणि म्हातारा होईपर्यंत वाहत राहिला. नदीवरून येणाऱ्या नावाड्यांना तो कधीकधी विचारायचा, वरच्या गावात मोक म्हणून कुणी राहतात का. कुणी हो म्हणालं की तो मान हलवायचा. काही निरोप सांगायचाय का, असं विचारलं की म्हणायचा, “नको. माझ्याकडून काही नको.”