अर्धा दरवाजा

आमच्या मामलेदार कचेरीत साहेबांच्या खोलीला गोऱ्या साहेबाच्या काळातला, खाली मोकळा असलेला अर्धा दरवाजा आहे. बाहेर बसलेल्याने वाकून पाहिलं तर आत टेबलाखालचे साहेबांचे बूट तेवढे दिसतात. पायावर पाय असला तर साहेब खुशीत, बूट हलत असला तर अर्ज उद्या द्यावा, हे शास्त्र गावात पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे.

काल मी माझा अर्ज घेऊन बाहेर बाकावर बसलो होतो; शेजारी सरूआजी होती. तिच्या घराच्या वाटेवर भावकीने कुंपण घातलंय आणि साहेबांच्या हुकमाशिवाय ते निघणार नाही.

“आज नको, आजी,” शिपाई म्हणाला. “बूट हलतोय.”

“मेल्या, मुंग्या आल्या असतील तुझ्या साहेबाच्या पायाला! मी काय रोज कुंपणावरनं उड्या मारू?”

सगळे हसले. आत मात्र कुणी गेलं नाही. राज्य बदललं, बुटांतले पायही आपलेच आले; आपण किती वाकायचं ते मात्र तेव्हाच्या सुताराने ठरवलं तेवढंच राहिलं.

आजी चपला हातात घेऊन दारापर्यंत गेली, वाकली आणि परत येऊन बसली.

“अजून हलतोय,” ती म्हणाली.

ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, असं मी तिला सांगणार होतो. त्याआधी एकदा खात्री करावी म्हणून मीही वाकलो आणि माझा अर्ज घडी घालून खिशात ठेवला.