तिखट सोसंना

ती लक्ष्मीपुरीच्या बाजारात संकेश्वरी मिरची विकायची. दात मिश्रीनं काळेभोर. गिऱ्हाईक समोर आलं की मिरचीचं टोक कटकन तोडून स्वतः चावायची आणि म्हणायची, "आदी मी खातो, मग तुमी घ्या." डोळ्यांत पाण्याचा टिपूस नसायचा.

वर्षाच्या चटणीची मिरची मी दर उन्हाळ्यात तिच्याकडूनच घ्यायचे. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल, तिनं मिरची माझ्याच हातात ठेवली. "तुमीच चाखा वैनी. मला आता तिखट सोसंना. साधी आमटीबी झोंबतीया."

"वय झालं मावशी," मी म्हणाले. ती हसली, पण तोंड पुरतं उघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या जागेवर सून बसली होती. सासूला गालाचा कॅन्सर झाला, दिवाळीच्या आधीच गेली, असं तिनं सांगितलं.

मी तेव्हा दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचे. तंबाखू-मिश्रीवाल्या प्रत्येकाला डॉक्टर आधी एकच विचारायचे, "तिखट झोंबतंय का?" रोज ऐकत होते मी. तिनं तर न विचारताच सांगितलं होतं. आणि मी तिनं दिलेली मिरची चावून बघत होते, पुरेशी तिखट आहे का म्हणून.