मेजरचा उजवा कौल

मेजर दत्ताराम गेल्याची बातमी फोनवरून कळली. पलीकडचा माणूस हुंदके देत होता आणि मला... सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली. गेले काही आठवडे 'शूर सैनिक, लोकांचा आमदार' असं सगळीकडे छापून येतंय. आम्ही शाळेत एका बाकावरचे, त्यात मी मास्तर, म्हणून पुरवणीच्या संपादकांनी मलाही चार गोड आठवणी मागितल्या. गोड नाहीत. आहेत त्या लिहितो.

१९९८ साली पलटणीतून निवृत्त होऊन दत्तू गावात आला, तेव्हा मीही भारावलो होतो. सकाळी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत धावायचा आणि थांबून रापणीच्या दोराला हात लावायचा. रापणीवर आमचा अर्धा गाव जगायचा. होडीने जाळं समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे, आणि ज्याने दोर ओढला त्याला मासळीचा वाटा. त्याला लांबलचक मोकळी पुळण लागते. 'ह्या पुळणीवर भायरच्या कोणाक पाय ठेवूक देवचंय नाय,' असं तो प्रचारात सांगत फिरला आणि पुढच्या वर्षी आमदार झाला. त्याची भाषणं मी लिहायचो. माझी बदली वैभववाडीला झाली होती, घरी बायकोला झटके यायचे, तिला एकटं सोडणं शक्य नव्हतं. दत्तूने एक फोन केला आणि बदली रद्द झाली. तेव्हापासून मी त्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर.

एकदा रापणीचा म्होरक्या म्हणजे तांडेल बाबल, माझा शेजारी, याच्याकडे तो जेवला. बांगड्याचं तिखलं बोटं चाटून खाल्लं, बाबलाच्या बायकोला 'वयनी, हॉटेल काढा' म्हणाला. जीपमध्ये बसल्यावर बाटली काढून दोन्ही हातांना अत्तर चोळलं. 'तिखलां बरां करता, पण मेल्यांच्या घराक वास कसलो.' मी हसलो.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्याने त्याच पुळणीवर मोठं हॉटेल आणायचं ठरवलं. गावाच्या बैठकीत कोणी होकार देईना, तोंडावर नकारही देईना. शेवटी जुनीजाणती माणसं म्हणाली, देवाला कौल लावू. आमच्याकडे असंच चालतं. देवाच्या पाषाणावर उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायचा मान आमच्या गुरवांच्या घराचा. शाळा सांभाळून ते काम मीच करायचो.

आदल्या दिवशी दत्तू माझ्या ओसरीवर आला. हॉटेलबद्दल चकार शब्द नाही. बायकोची चौकशी केली, चहा घेतला. उठताना म्हणाला, 'वयनी बरी आसा मां आता? बरां. पाकळ्ये लावणारो आपलोच आसा, माका कसली काळजी?'

दुसऱ्या दिवशी सगळा गाव सभामंडपात. मी डाव्या पाकळ्या अंगठ्याने दाबून बसवल्या. उजव्या नुसत्या टेकवल्या. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणत होता, सगळ्यात मोठा आवाज बाबलाचा. उजवी पाकळी पडली. दत्तू तिथेच डोळे पुसू लागला. खरं पाणी होतं ते... अशा माणसाला तेही जमतं.

आता पुळणीवर हॉटेलची भिंत आहे. बाबलाची रापण माडाखाली कुजली, त्याचे मुलगे दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. ही सगळी वर्षं बाबल मला रस्त्यात भेटला की आधी हात जोडायचा. देवाचा माणूस ना मी.

दत्तूचं बारावं झाल्यावर, परवा, बाबलाला सगळं सांगितलं. तो जाळं विणत होता. हात थांबले नाहीत त्याचे. म्हटलं, दत्तूने मला कात्रीत पकडलं होतं, बदलीचा उपकार होता, बायको तशी... त्याने जाळ्याची एक गाठ आवळली आणि बोलला.

'देवान सांगल्यान म्हणान आमी गप ऱ्हवलों. दत्तूचां आमी ऐकलां नसतां. आमदार असांदे नायतर मेजर.' मग प्रथमच माझ्याकडे बघितलं. 'पुळण दत्तून नाय घेतल्यान रे. तू दिलंस.'

आमदारकीत दत्तूने देवळाला पितळी घंटा दिली, नाव आणि हुद्दा कोरून. परवापासून मी ती वाजवत नाही, पण येणारे-जाणारे वाजवतात. आत पूजा करताना प्रत्येक टोल्याला माझा अंगठा आखडतो. हे छापलेली पुरवणी आमच्याकडे दुपारच्या एसटीने पोचेल. त्यानंतर गाभाऱ्यात कोणी शिरायचं ते गावाने ठरवावं. मी बाहेर, त्या घंटेखाली बसलेला असेन.